विश्लेषण : नर्सिंगच्या पदवीचा निर्णय बारावीत नव्हे, दहावीनंतरच का होतो?

दहावीचा निकाल लागला की गावोगावच्या घरांत एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘हिला नर्सिंगला घालू.’ वाक्य साधे आहे, पण ‘नर्सिंग’ या एका शब्दाखाली किमान तीन वेगवेगळे अभ्यासक्रम येतात. त्यांचा कालावधी वेगळा, प्रवेशाच्या अटी वेगळ्या आणि पुढे मिळणारे पद व पगारही वेगळे. हा फरक अनेक पालकांना कळतो तो बारावीनंतर, अर्ज भरायला बसल्यावर. तोवर अकरावीत कला शाखा घेतलेल्या मुलीसाठी पदवीचा थेट मार्ग बंद झालेला असतो. चूक तिची नसते. तिला वेळेवर कोणी सांगितलेले नसते.

नर्सिंगचे अभ्यासक्रम कोणते?

पहिला एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका व प्रसाविका. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम फक्त मुलींसाठी आहे. उपकेंद्रात लसीकरण, गरोदर मातांची तपासणी, गावभेटी ही कामे करणारी आरोग्य सेविका याच वाटेने येते. दुसरा जीएनएम, म्हणजे सामान्य परिचर्या व प्रसविकाशास्त्राची तीन वर्षांची पदविका. रुग्णालयांच्या वॉर्डांत आज दिसणाऱ्या अनुभवी सिस्टरांपैकी बहुसंख्य या पदविकेच्या आहेत. तिसरा बीएस्सी नर्सिंग, म्हणजे चार वर्षांची पदवी. भारतीय परिचर्या परिषदेच्या सुधारित अभ्यासक्रमानुसार ती आता आठ सत्रांत विभागलेली आहे आणि शेवटच्या सत्रात रुग्णालयातील पूर्णवेळ प्रशिक्षण असते. जीएनएम आणि बीएस्सी हे दोन्ही अभ्यासक्रम मुलांनाही खुले आहेत.

देशात नर्सिंगच्या पदवीचे शिक्षण १९४६ मध्ये दिल्ली आणि वेल्लोर येथे सुरू झाले. मात्र त्यानंतर कित्येक दशके भारतीय रुग्णालये प्रामुख्याने पदविकाधारकांच्याच बळावर चालली. आता प्राध्यापक, अतिदक्षता विभाग, परदेशातील नोकरी किंवा प्रशासकीय पद यांपैकी काहीही हवे असेल, तर पदवीचा आग्रह वाढला आहे. म्हणूनच पदवीची पात्रता नीट समजून घेणे गरजेचे झाले आहे.

पदवीसाठी पात्रता काय?

भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमानुसार उमेदवार बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण हवा. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र या तीन विषयांत मिळून किमान ४५ टक्के गुण हवेत आणि इंग्रजीत स्वतंत्रपणे उत्तीर्ण असायला हवे. अनुसूचित जाती-जमातींसाठी गुणांची अट ४० टक्के आहे. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वयाची १७ वर्षे पूर्ण झालेली असावीत. शारीरिकदृष्ट्या सक्षम असल्याचे वैद्यकीय प्रमाणपत्रही लागते. इतर मागास प्रवर्गांसाठी राज्यात कोणती सवलत आहे, हे त्या-त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पाहावे.

येथे एक चूक वारंवार होते. ४५ टक्के म्हणजे बारावीचे एकूण टक्के, असा अनेकांचा समज असतो. तसे नाही. राज्य मंडळाच्या परीक्षेत या तीन विषयांचे मिळून ३०० गुण असतात. त्यांपैकी १३५ गुण हवेत. एखाद्या मुलीला भाषा आणि भूगोलाच्या जोरावर एकूण ६० टक्के मिळाले, पण तीन विज्ञान विषयांची बेरीज १३० वरच थांबली, तर ती खुल्या प्रवर्गातून अपात्र ठरते. दुसरी चूक विषयांच्या निवडीत होते. अकरावीत विज्ञान शाखा घेतली, पण जीवशास्त्र सोडून फक्त गणित ठेवले, तरीही हा मार्ग बंद होतो.

विज्ञानाची अट अन्यायकारक आहे का?

अट काढून टाका, असे म्हणणे सोपे आहे. पण वॉर्डातले काम पाहिले की तसे म्हणवत नाही. डॉक्टरांनी ५०० मिलिलिटर सलाइन चार तासांत द्यायला सांगितले आणि हाती असलेल्या संचातून एका मिलिलिटरला २० थेंब पडत असतील, तर मिनिटाला साधारण ४२ थेंब हा हिशेब सिस्टरला रुग्णाच्या खाटेजवळ उभे राहूनच करावा लागतो. लहान मुलाच्या वजनानुसार औषधाची मात्रा, रक्तातील पोटॅशियम वाढल्यास हृदयावर होणारा परिणाम, निर्जंतुकीकरणातील एक चूक कशी पसरते, या सगळ्याचा पाया रसायनशास्त्र आणि जीवशास्त्रातच आहे. रुग्णाजवळ सर्वाधिक वेळ डॉक्टर नव्हे, परिचारिका असते. त्यामुळे ही अट शिथिल करण्यात रुग्णाचे हित नाही.

प्रश्न वेगळाच आहे. राज्यातील अनेक लहान गावांच्या जवळपास विज्ञान शाखेचे कनिष्ठ महाविद्यालयच नसते. असलेच तर प्रयोगशाळा नावापुरती. रोज एसटीने २५-३० किलोमीटर जाण्याऐवजी घरचे मुलीला जवळच्या कला शाखेत घालतात. म्हणजे तिची कुवत कितीही असली, तरी पदवीची पात्रता बऱ्याच अंशी तिच्या गावाच्या पत्त्यावर ठरते. यातली अडचण अटीची नसून त्या अटीपर्यंत पोहोचण्याच्या सोयीची आहे.

कला किंवा वाणिज्य शाखेतून पदवी मिळूच शकत नाही का?

मिळू शकते, पण वळसा घेऊन. जीएनएमसाठी विज्ञान शाखेला प्राधान्य असले, तरी कोणत्याही शाखेतून बारावी झालेल्या उमेदवाराला अर्ज करता येतो. बारावीत किमान ४० टक्के आणि इंग्रजीतही ४० टक्के गुण हवेत. वयोमर्यादा १७ ते ३५ वर्षे. तीन वर्षांची पदविका आणि परिचर्या परिषदेकडे नोंदणी झाली की दोन वर्षांच्या पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंगला प्रवेश घेता येतो. म्हणजे चारऐवजी पाच वर्षे लागतात, पण हाती पडते ती पदवीच. शिवाय तिसऱ्या वर्षानंतर नोंदणीकृत परिचारिका म्हणून नोकरी करता येते, त्यामुळे घरची परिस्थिती बेताची असेल तर हा मार्ग अधिक सोयीचाही ठरू शकतो.

एएनएम झालेल्या नोंदणीकृत सेविकेलाही जीएनएमला प्रवेश घेता येतो आणि तिला वयाची अट नाही. मात्र एएनएमची दोन, जीएनएमची तीन आणि पोस्ट बेसिकची दोन मिळून सात वर्षे होतात. एवढ्या काळात लग्न, बाळंतपण, घरची जबाबदारी यांमुळे शिक्षण मध्येच सुटण्याची भीती असते. म्हणून ‘आधी एएनएम करून घे, मग बघू’ हा सल्ला देताना हा हिशेब मुलीसमोर मांडायला हवा.

प्रवेश परीक्षा कोणती?

केवळ बारावीच्या गुणांवर बीएस्सी नर्सिंगचा प्रवेश होत नाही. महाराष्ट्रात २०२३ पासून राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजे सीईटी सेल, यासाठी स्वतंत्र परीक्षा घेतो. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंगविषयीचा कल यांवर प्रश्न असतात. परीक्षेनंतर केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या फेऱ्या होतात. या परीक्षेचे अर्ज साधारणपणे बारावीची परीक्षा तोंडावर आलेली असतानाच भरावे लागतात. निकाल लागल्यावर चौकशीला गेलेल्या मुलींना ‘मुदत संपली’ हे उत्तर मिळते आणि अख्खे वर्ष वाया जाते.

काही संस्थांचे प्रवेश मात्र वेगळ्या वाटेने होतात. ‘एम्स’ आपल्या बीएस्सी नर्सिंगसाठी स्वतंत्र परीक्षा घेते आणि तेथे खुल्या प्रवर्गासाठी गुणांची अट ५५ टक्के आहे. पुण्याच्या सैन्यदल वैद्यकीय महाविद्यालयासह लष्करी परिचर्या सेवेच्या महाविद्यालयांत फक्त मुलींना प्रवेश असतो आणि त्यासाठी ‘नीट’चे गुण धरले जातात. त्यामुळे डॉक्टर व्हायचे नसले, तरी लष्करात परिचारिका व्हायचे असेल तर ‘नीट’ द्यावी लागते.

कागदपत्रांची तयारीही आधीच करावी. अधिवास प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रीमीलेअर आणि विशेषतः जात वैधता प्रमाणपत्र वेळेत न मिळाल्याने हातातली जागा जाण्याचे प्रसंग दरवर्षी येतात. अकरावीतच जात वैधतेचा अर्ज केला, तर ही धावपळ टळते.

फीचा भार कोणाला किती?

राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये घेतलेल्या निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातील ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत मिळते. अट एवढीच, की प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ही सवलत नाही. ‘सीईटीची भानगड नको, आम्ही थेट जागा देतो’ असे सांगणाऱ्या मध्यस्थाच्या नादी लागल्यास मुलगी चार वर्षांच्या सवलतीला मुकते, हे पालकांनी लक्षात ठेवावे. वसतिगृह, मेस, गणवेश, प्रवास हे खर्च मात्र सवलतीनंतरही उरतात.

महाविद्यालय खरे की खोटे, हे कसे ओळखावे?

राज्यातील नर्सिंग पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते. अभिमत व खासगी विद्यापीठे याला अपवाद. प्रवेश घेण्यापूर्वी विद्यापीठाच्या संलग्नता यादीत आणि परिचर्या परिषदेच्या यादीत महाविद्यालयाचे नाव आहे का, हे स्वतः पाहावे. परिषदेच्या निकषांनुसार पदवी महाविद्यालयाला १०० खाटांच्या रुग्णालयाची जोड आणि दर १० विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा. म्हणजे ६० जागांच्या महाविद्यालयात चार वर्षांचे मिळून २४० विद्यार्थी आणि २४ शिक्षक. प्रवेशाच्या दिवशी इमारत पाहण्याऐवजी रुग्णालय पाहावे, तेथे रुग्ण आहेत का ते पाहावे आणि शिकणाऱ्या मुलींशी बोलावे.

सहा महिन्यांचे, वर्षभराचे ‘नर्सिंग’ नावाचे प्रमाणपत्र अभ्यासक्रम हे आणखी एक गौडबंगाल आहे. ते केल्यावर एखाद्या दवाखान्यात मदतनीस म्हणून काम मिळेलही. पण महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे परिचारिका म्हणून नोंदणी होत नाही. नोंदणी नाही, तर सरकारी भरती नाही आणि परदेशही नाही. महाराष्ट्राने २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला, त्यात परिचारिकांचाही समावेश आहे. अशा संधीचा पहिला प्रश्न नोंदणीचाच असतो.

पदवीनंतर काय?

नोंदणी आणि एक वर्षाचा अनुभव असल्यास पदवीत किमान ५५ टक्के मिळवणाऱ्यांना दोन वर्षांच्या एमएस्सी नर्सिंगला प्रवेश घेता येतो. शिक्षक होण्याचा मार्ग तेथूनच जातो. सरकारी सेवेत वेतन समाधानकारक असते; खासगी क्षेत्राचे चित्र मात्र असमान आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला महिना किमान २० हजार रुपये आणि २०० पेक्षा अधिक खाटांच्या रुग्णालयात सरकारी परिचारिकेइतके वेतन द्यावे, अशी शिफारस केली. तिची अंमलबजावणी राज्यांवर सोपवली गेली आणि तेथेच ती रेंगाळली. प्रवेशाच्या अटी काटेकोर आणि नोकरीच्या अटी मात्र मोकाट, हे फार काळ चालणारे नाही. चार वर्षे शिकून त्या मानाने पगार नसेल, तर हुशार मुली या वाटेला येणार नाहीत किंवा आल्या तरी देश सोडतील.

सरकारने काय करावे?

केंद्राने २०२३ मध्ये १,५७० कोटी रुपये खर्चून १५७ नवी सरकारी नर्सिंग महाविद्यालये मंजूर केली. त्याच वर्षी १९४७ च्या जुन्या परिचर्या परिषद कायद्याची जागा घेणारा राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोग कायदाही संसदेने केला; देशभर प्रवेशाची एकसारखी प्रक्रिया हे त्यातील एक उद्दिष्ट आहे. जागा वाढतील, नियमही सुटसुटीत होतील. पण त्या जागांपर्यंत पोहोचणारी मुलगी दहावीनंतरच वाट चुकत असेल, तर लाभ शहरातल्यांनाच होईल.

यासाठी फार मोठा निधी लागत नाही. दहावीच्या प्रत्येक वर्गात, आश्रमशाळांत आणि जिल्हा परिषद शाळांत निकालाआधी एकदा तरी नर्सिंगच्या तिन्ही वाटा, त्यांच्या अटी आणि अर्जाचा काळ समजावून सांगितला जावा. हे काम त्या भागातील आरोग्य सेविका आणि ग्रामीण रुग्णालयातील सिस्टर यांच्याइतके चांगले कोणी करू शकणार नाही. तालुक्याला किमान एका ठिकाणी मुलींच्या वसतिगृहासह विज्ञान शाखा चालावी. आणि सेवेत असलेल्या पदविकाधारक परिचारिकांना पोस्ट बेसिक पदवीसाठी पगारी अभ्यासरजा व पुरेशा जागा मिळाव्यात.

विज्ञानाची अट राहू द्यावी, ती रुग्णाच्या भल्याची आहे. पण ती अट आहे हे मुलीला अकरावीचा अर्ज भरण्यापूर्वी कळले पाहिजे. ‘हिला नर्सिंगला घालू’ म्हणणाऱ्या घराने त्याच दिवशी पुढचा प्रश्न विचारावा : कोणत्या नर्सिंगला? आणि त्याचे उत्तर देणारे माणूस तिच्या शाळेतच असावे.