चुलीला धुराडं का नाही?

पन्हाळ्याच्या रस्त्याला माझ्या एका मित्राचं फार्महाऊस होतंय. परवा रविवारी प्लॅन दाखवायला घेऊन गेला. हॉलमध्ये फायरप्लेस आणि मागच्या अंगाला पत्र्याच्या शेडात मातीची चूल. "बजेट एकाचंच हाय भावा. काय ठेवू? मॉडर्न की ट्रॅडिशनल?"

मी म्हटलं, आधी सांग, धुराडं कशाला आहे? फायरप्लेसला पार छपराच्या वर गेलेलं विटांचं धुराडं! आणि चुलीला? "तिला कशाला? शेड एका बाजूनं उघडीच हाय की."

झालं! इथंच आमचं पेटलं.

आधी फायरप्लेसचं बघू. कोल्हापुरात थंडी ती किती? चार दिवस स्वेटर निघतो, बस्स. त्यात उघड्या फायरप्लेसची बहुतेक ऊब धुराड्यातून वर जाते, शिवाय खोलीतली गरम हवाही सोबत ओढून नेते. हीच तक्रार करत बेंजामिन फ्रँकलिनने १७४४ साली आपल्या लोखंडी शेगडीची पुस्तिका काढली होती. म्हणजे आपण 'मॉडर्न' म्हणून विकत घेतोय ती पावणेतीनशे वर्षांपूर्वी नावं ठेवलेली वस्तू!

आता चूल. 'चुलीवरचं मटण' अशा पाट्या हायवेला ढिगानं दिसतात. मटण मलाही आवडतं, खोटं कशाला बोलू? पण चुलीचं कौतुक करणारे सगळे पाटावर बसलेले असतात, फुंकणी हातात असलेलं कुणी नसतं. माझ्या आजीनं पन्नास वर्षं शेणी आणि ओलं जळण फुंकलं. शेवटची चार वर्षं तिला जिना चढता येईना. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, विडी ओढत होता काय?" जिनं आयुष्यात विडीला हात लावला नाही, तिला हा प्रश्न! घरातल्या अशा धुरानं २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसं गेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

यावर उपाय माहीत नव्हता असंही नाही. १९८०च्या दशकात सरकारनं सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला, त्यातल्या बऱ्याच चुलींना धुराडं होतं. पण धुराडं काजळीनं तुंबतं, ते साफ करायला घरातलं कोण पुढं येणार? कार्यक्रम २००२ साली बंद झाला. २०१६ला उज्ज्वला आली, सिलिंडर घरोघर गेले. पण रिफिल परवडत नाही म्हणून आजही कित्येक घरांत चूल पेटते. त्या बायकांना मी काय बोलणार? माझं भांडण हौसेनं चूल मांडून दुसऱ्याला फुंकायला बसवणाऱ्यांशी आहे. मित्राच्या चुलीपुढं मित्र बसणार नव्हता. गावातली एक मावशी रोजावर येणार होती.

कुणी म्हणेल, धुराशिवाय चव कुठली? अहो, भाकरी निखाऱ्यावर फुगते, धुरावर नाही!

थोडक्यात काय, मॉडर्न की ट्रॅडिशनल हा प्रश्नच चुकीचा आहे. धूर कुणाच्या छातीत जातो, एवढंच विचारा. मी मित्राला सांगितलं, फायरप्लेस खोड आणि ते धुराडं चुलीवर बांध. धुराडं साफ करायचं काम तुझं, मावशीचं नाही. आणि पहिल्या रविवारी फुंकणी तू धर.

अजून त्याचा फोन आलेला नाही. असो.