उत्तर स्वस्त, रीत महाग

अभियांत्रिकीच्या वा विज्ञानशाखेच्या पहिल्या वर्षाला गृहपाठ म्हणून दिल्या जाणाऱ्या उदाहरणांची उत्तरे मिळवणे कधीच फारसे अवघड नव्हते. वसतिगृहांत वरच्या वर्गाच्या वह्या फिरत, पुढे गाइडे आली. आता मोबाइलवर उदाहरणाचे छायाचित्र काढले की पायऱ्यांसह उत्तर क्षणात उमटते. विद्यार्थी आळशी झाले, ही तक्रार नाशिकच्या महाविद्यालयांतही ऐकू येते. परंतु सारा दोष विद्यार्थ्यांच्या माथी मारणे न्याय्य नाही. बाजारात ज्या मालाला भाव, तोच पिकतो. सबमिशनच्या दिवशी गुण मिळतात ते स्वच्छ वहीला आणि बरोबर उत्तराला. विद्यार्थी तोच माल आणून देतो.

वास्तविक गृहपाठाचा लाभ उत्तरापलीकडचा असतो. पावसाळ्यात गंगापूर धरणातील विसर्ग क्युसेक्समध्ये जाहीर होतो. १,००० क्युसेक्स म्हणजे सेकंदाला १,००० घनफूट. घनफुटात सुमारे २८.३ लिटर पाणी मावते, म्हणजे तासाभरात सुमारे १० कोटी २० लाख लिटर पाणी गोदापात्रात उतरते. हा गुणाकार कोणतेही यंत्र करील. पण या पाण्याने दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पातळी चढेल काय, असे विचारताच खरे उदाहरण सुरू होते. पात्राची रुंदी, उतार, पाण्याचा वेग, वाटेत मिळणारे नाले यांपैकी काय दिले आहे, काय गृहीत धरायचे आणि काय सोडायचे? उत्तर हास्यास्पद आले की मागे फिरून चूक कोठे झाली ते शोधायचे. शिक्षण होते ते येथेच. उद्या हाच विद्यार्थी एखाद्या पुलाची उंची ठरवणार आहे, आणि पुलाचे उत्तर पुस्तकाच्या शेवटी छापलेले नसते.

तयार उत्तरावाचून आकड्यांशी झगडण्याचे मोल नाशिककरांना तरी सांगावे लागू नये. १९३० ते १९६२ या काळात देवळालीत शाळाशिक्षक असलेल्या द. रा. कापरेकर यांच्यापाशी गणिताची पदव्युत्तर पदवी नव्हती. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी आणि येणाऱ्या संख्येवर तीच क्रिया चालवावी. सात पायऱ्यांच्या आत ६१७४ येतेच. त्यांचे जन्मवर्ष १९०५ घेतले, तर ९५१० मधून ०१५९ जाऊन ९३५१ उरतात आणि सातव्या वजाबाकीला ६१७४ हाती येते. १९४९ साली मद्रासच्या परिषदेत त्यांनी हा शोध मांडला. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी लिहिल्यावर त्यांचे नाव जगभर पोहोचले. ६१७४ हा आकडा आज कोणीही सांगेल. पण तेथवर नेणारी चिकाटी आकड्यासोबत मिळत नाही.

मोबाइलवर बंदी हा यावरचा उपाय नव्हे. पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या, क्लासची फी न परवडणाऱ्या मुलाला अडलेल्या पायरीपुरता तो आधारच आहे. मात्र फसगतही त्याचीच अधिक होते. फी भरणाऱ्याला रीत समजावणारा माणूस भेटतो, याला नुसते उत्तर. म्हणून गुणांचा भाव बदलावा. वीस उदाहरणांऐवजी पाचच द्यावीत, प्रत्येकाला आकडे वेगळे द्यावेत, फळ्यापाशी उभे करून गृहीतके विचारावीत आणि खोडलेल्या पायऱ्यांनाही गुण असावेत.

अर्थात याची किंमत शिक्षकाच्या वेळात मोजावी लागेल. रिक्त पदे तशीच ठेवून, घेतलेल्या तासांपुरतेच मानधन देऊन तासिका तत्त्वावर नेमलेल्या शिक्षकाकडून ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करणार? उत्तर आता फुकट मिळते. रीत शिकवणाऱ्या माणसावर खर्च करायचा की नाही, याचा निर्णय शासनाला आणि संस्थाचालकांना करायचा आहे.