सोरायसिसवाल्यांनो, रक्त तपासा, पण कशासाठी?

सोरायसिस झाला की घरीदारी पहिलं ऐकू येतं, ‘तुझं रक्त बिघडलंय.’ त्यामुळे ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ची महागडी तपासणी कुणी सुचवली की ती लगेच पटते. माझी कळकळीची विनंती आहे, तिच्या निकालाने उपचारात काय बदलणार हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती करू नका.

त्यामागचं विज्ञान खोटं नाही. या आजारात चवताळलेल्या रोगप्रतिकारक पेशी प्राणवायूचे अतिक्रियाशील रेणू भरमसाट सोडतात; त्यातून पेशींवर येणारा ताण म्हणजेच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. त्यांनी पेशींच्या आवरणातली स्निग्धद्रव्यं मोडली की मॅलनडायअल्डिहाइड तयार होतं, आणि सोरायसिसच्या रुग्णांच्या रक्तात ते जास्त असल्याचं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. पण सुपरऑक्साइड डिसम्युटेज या रक्षक विकराचे आकडे कुठे कमी, तर कुठे जास्त आले आहेत. शिवाय विडी-सिगारेट, मधुमेह, लठ्ठपणा यांनीही मॅलनडायअल्डिहाइड वाढतंच. सोरायसिसचं निदान होतं ते चट्टे पाहून. शंका असेल तरच त्वचेचा छोटा तुकडा तपासतात. औषध कोणतं द्यायचं, तेही या तपासणीच्या आकड्यांवर ठरत नाही. संशोधकांच्या कामाची गोष्ट आहे ही, अजून तुमच्या-माझ्या नाही.

तेच पैसे साखर आणि कोलेस्टेरॉल पाहण्यासाठी ठेवा. रक्तदाब मोजून घ्या. सोरायसिस, विशेषतः अंगभर पसरलेला, हृदयविकाराचा धोका वाढवतो आणि हे फार थोड्यांना कुणी सांगितलेलं असतं. सकाळी बोटं आखडत असतील, टाच दुखत असेल, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. सांध्यांत शिरलेला आजार वेळेत धरला नाही तर बोटं कायमची वाकडी होऊ शकतात. तंबाखू सोडा.

‘रक्त शुद्ध करणाऱ्या’ बिननावाच्या पुड्या घेऊ नका. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलं आहे. ते अचानक थांबलं की आजार आणखी जोराने उसळू शकतो.

सोरायसिसवरची मेथोट्रेक्सेटची गोळी चालू असेल तर यकृत, मूत्रपिंड आणि रक्तपेशींच्या तपासण्या सांगितलेल्या तारखेला कराच, त्या टाळू नका. आणि सोरायसिससाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच असते. चुकून रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. वार ठरवा, तो पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहा आणि घरातल्या आणखी एकाला सांगून ठेवा.