बाँड एक वर्षाचा, फिटची गोळी दोन वर्षांची. नव्या डॉक्टरांना विचारायला माणूस कुठाय?

सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालेला डॉक्टर बाँडवर प्राथमिक आरोग्य केंद्रात येतो तो एका वर्षासाठी. फिटच्या रुग्णाची गोळी मात्र शेवटची फिट येऊन गेल्यावरही साधारण दोन वर्षं तरी बंद करत नाहीत. म्हणजे एकाच उपचारात दोन-तीन डॉक्टर बदलणार. नवा डॉक्टर पहिल्यापासून सगळं विचारणार, आणि जुनी चिठ्ठी हरवली असली तर रुग्णाला गोळीचं नावही सांगता येत नाही. 'ती पांढरी बारीक गोळी' एवढ्यावरून कुणीच काही ओळखू शकत नाही.

फिट, आकडी, फेफरं, मिरगी, कागदावर अपस्मार. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात याचे सुमारे 5 कोटी रुग्ण आहेत. त्यातले जवळपास 80 टक्के गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. नीट औषध मिळालं तर 70 टक्क्यांपर्यंत लोकांची फिट थांबू शकते. आणि फेनोबार्बिटोन, फेनिटॉइन ह्या जुन्या गोळ्या काही महाग नाहीत. मग अडतं कुठं?

अडतं ते विचारायला माणूस नसण्यावर. नुकताच पास झालेला डॉक्टर पुस्तक शिकून आलेला असतो. पण समोरची बाई पडली ती फिटमुळे की चक्कर येऊन, डोस वाढवायचा की गोळीच बदलायची, हे अनुभवानं कळतं. व्हॅल्प्रोएट नावाची गोळी चांगली चालते, पण गरोदरपणात ती पोटातल्या बाळाला घातक ठरू शकते. लग्नाच्या वयाच्या मुलीला ती द्यावी का, हे त्यानं रात्री कुणाला विचारायचं? न्यूरॉलॉजिस्ट मोजकेच, तेही बहुतेक मोठ्या शहरांत. मग सोपा मार्ग उरतो: 'शहरात दाखवा.' एका फेरीत दोघांचा रोज बुडतो, गाडीभाडं वेगळं. दोन फेऱ्या होतात, तिसरी होत नाही, आणि गोळी मधेच सुटते. गोळी एकदम बंद झाली की लागोपाठ फिट येऊन जिवावर बेतू शकतं.

या एकटेपणावर जगात काम सुरू झालंय. 1909 साली बुडापेस्टला स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय अपस्मारविरोधी संघटनेत आता तरुणांचा वेगळा विभाग आहे. या क्षेत्रात नव्यानं आलेले डॉक्टर, संशोधक यांनी एकमेकांना ओळखावं, जाणत्यांकडून शिकावं, हा त्याचा हेतू. कल्पना चांगलीच आहे. पण तिचा कारभार इंग्रजीत आणि वावर परिषदांचा. तालुक्यातला बाँडवरचा डॉक्टर, उपकेंद्रातला समुदाय आरोग्य अधिकारी आणि आशाताई तिथपर्यंत पोचणं अवघड.

शेजारच्या कर्नाटकानं जवळचा रस्ता धरला. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेच्या मदतीनं तिथं प्राथमिक केंद्रातल्या डॉक्टरांना फिट, लकवा, डोकेदुखी यांचं प्रशिक्षण देण्याचा उपक्रम सुरू झाला. आपल्याकडे मुंबईच्या एपिलेप्सी फाउंडेशननं ग्रामीण भागात फिटच्या रुग्णांची शिबिरं घेतली आहेत, त्याचा लोकांना उपयोगही झाला. पण शिबिर एक दिवसाचं असतं, गोळी रोजची.

द्राक्षवाल्यांचं बघा. पान पिवळं पडलं की ग्रुपवर फोटो जातो, तासाभरात कुणीतरी जाणता उत्तर देतो. जिल्ह्यातले बाँडवरचे डॉक्टर, समुदाय आरोग्य अधिकारी, ईईजी काढणारे तंत्रज्ञ आणि मेडिकल कॉलेजातला एखादा मेंदूविकार तज्ज्ञ यांची अशी साखळी बांधायला फार पैसा लागत नाही. लागतो तो बदली न होणारा एक माणूस, जो जाणाऱ्या डॉक्टरकडून रुग्णांची यादी घेऊन येणाऱ्याच्या हातात देईल. हे काम आरोग्य खात्यानंच लावून द्यायला हवं. हौसेवर सोडलं तर पहिल्या बदलीतच साखळी तुटेल.

एक पथ्य मात्र कडक हवं. रुग्णाचं नाव आणि चेहरा अशा ग्रुपवर जाता कामा नये. हिंदू विवाह कायद्यातून फिटची अट 1999 सालीच निघाली, तरी सोयरीक जुळवताना लोक अजून हा आजार लपवतात. एका फोटोनं पोरीचं ठरलेलं लग्न मोडू शकतं.

साखळी होईल तेव्हा होईल. तोवर जुन्या चिठ्ठ्या आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं एका पिशवीत जपून ठेवा. फिट आली तर रुग्णाला कुशीवर वळवा. तोंडात चमचा, पाणी काही घालू नका. कांदा, चप्पल हुंगवून फिट थांबत नाही. पाच मिनिटांत थांबली नाही तर 108 ला फोन करा. जवळ दुसरं कुणी असेल तर त्याला मोबाईलवर व्हिडिओ काढायला सांगा आणि तो फक्त डॉक्टरला दाखवा. फिट आहे की आणखी काही, हे ओळखायला नव्या डॉक्टरला त्याची मोठी मदत होते.