ग्रंथ आहेत, ग्रंथपाल कुठे आहे?

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, २०१५ पासून महाराष्ट्रात 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून साजरा होतो. त्या दिवशी प्राथमिक शाळांतील पुस्तकांची कपाटे उघडतात, व्हरांड्यात सतरंज्या अंथरल्या जातात, मुले तासभर वाचतात आणि छायाचित्रे निघतात. उपक्रम स्तुत्यच आहे. प्रश्न आहे तो १६ ऑक्टोबरचा. त्या दिवशी कपाट कोण उघडणार?

शिक्षण हक्क कायदा २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, तेथे वृत्तपत्रे, नियतकालिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांवरील पुस्तके असावीत, असे या कायद्याची अनुसूची सांगते. त्याच अनुसूचीत शिक्षकांची संख्या ठरवून दिली आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांत १०० हून अधिक विद्यार्थी असल्यास कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशकांचीही तरतूद आहे. ग्रंथपालाची मात्र नाही. मोठ्या माध्यमिक शाळेला निदान ग्रंथपालाचे पद मिळते. सहा ते दहा वर्षांच्या, म्हणजे वाचनाची गोडी लागण्याच्या नेमक्या वयातील मुलांना तेवढेही नाही. समग्र शिक्षा अभियानातून ग्रंथालयासाठी अनुदान येते. त्यातून पुस्तके येतात; पुस्तक मुलाच्या हाती देणारा माणूस येत नाही.

मग हे काम शिक्षकाकडे जाते. ६० पर्यंत पट असलेल्या शाळेत दोन शिक्षक आणि चार-पाच इयत्ता! प्रत्येकाला एका वेळी दोन-तीन वर्ग सांभाळावे लागतात. त्यात मतदार याद्या, पोषण आहाराच्या नोंदी आणि माहितीचे रकाने आहेतच. अशा वेळापत्रकात वाचनाची तासिका बहुधा शेवटी किंवा शनिवारी ठेवली जाते आणि अभ्यासक्रम मागे पडला की पहिला बळी तिचाच जातो. ती झालीच, तर साधा हिशेब करून पाहावा. तासिका ३५ मिनिटांची आणि वर्गात ३० मुले. प्रत्येकाचे जुने पुस्तक जमा करून नवे नोंदवायला एक मिनिट लागले, तरी अर्धा तास संपतो. पुस्तक चाळायचे, निवडायचे, त्याविषयी बोलायचे केव्हा?

दुसरी अडचण जबाबदारीची. पुस्तक जडसंग्रह नोंदवहीत चढले की ते शिक्षकाच्या दृष्टीने वाचनसाहित्य न राहता सांभाळायची वस्तू बनते. ते फाटले, हरवले तर उत्तर कोणी द्यायचे? साहजिकच कपाटाला कुलूप लागते. यात शिक्षकाला दोष देणे अन्यायाचे होईल. वापराने जीर्ण झालेले पुस्तक हे ग्रंथालयाचे यश मानण्याची रीत आपल्या व्यवस्थेने अजून स्वीकारलेली नाही. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त मांडले, त्यांतला पहिलाच हा की ग्रंथ वापरासाठी असतात.

पुस्तकाइतकेच महत्त्व ते देणाऱ्या माणसाला असते, हे आपल्याकडे एका राजाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ओळखले होते. सयाजीराव गायकवाडांनी बडोदे संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि शाळेत मिळवलेली अक्षरओळख पुढे पुसली जाऊ नये म्हणून त्याला ग्रंथालयांची जोड दिली. १९१० साली त्यांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या तज्ज्ञाला आणले आणि १९११ साली ग्रंथपालांच्या प्रशिक्षणाचा वर्ग सुरू झाला. खेडोपाडी पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या. आपली परंपराही निराळे सांगत नाही. गावात पोथी होती, तिथे ती वाचून दाखवणारा पुराणिकही होता. पोथी केवळ बासनात राहिली असती, तर रामायण-महाभारत घरोघर पोहोचलेच नसते.

प्रत्येक छोट्या शाळेला ग्रंथपाल देणे शक्य नाही, हे मान्य करू. परंतु महाराष्ट्रात साधारण दहा शाळांमागे एक केंद्र ही रचना आहेच. प्रत्येक केंद्राला एक प्रशिक्षित ग्रंथपाल द्यावा. पंधरवड्यात कामाचे १२ दिवस धरले, तर दहा दिवस दहा शाळांसाठी आणि दोन दिवस नोंदी व पेट्यांच्या अदलाबदलीसाठी मिळतात. प्रत्येक शाळेचा ग्रंथालयाचा वार ठरलेला असावा. त्या दिवशी ग्रंथपाल एक इयत्ता घेऊन बसला, तर द्विशिक्षकी शाळेतील गुरुजींना दुसऱ्या इयत्तेला निर्वेधपणे शिकवता येईल. ग्रंथालय मग वेळापत्रकावरचा भार न ठरता शिक्षकाला आधार ठरेल.

उरलेल्या दिवसांचे काय? येथे समाजाचे कर्तव्य सुरू होते. शालेय ग्रंथालये शाळेच्या वेळेनंतर गावालाही खुली व्हावीत, असे २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात म्हटले आहे. निवृत्त शिक्षक, गृहिणी, महाविद्यालयीन तरुण यांनी आठवड्यातून एक तास दिला, तर देवघेव सुरू राहील. मात्र एक पथ्य पाळायला हवे. सेवाभाव हा पदाला पूरक असतो, पर्याय नव्हे. स्वयंसेवक मिळतात म्हणून शासनाने पद नाकारावे, हे आपण खपवून घेऊ नये.

आणि हीच कसोटी आपल्या विचारांच्या शिक्षणसंस्थांनाही लावली पाहिजे. आपण सभागृहे बांधतो, वर्धापनदिनी पुस्तकांचे संच भेट देतो, दात्यांच्या नावाची पाटी लावतो. त्याच सभागृहाच्या खर्चातून एका ग्रंथपालाचे किती वर्षांचे मानधन निघाले असते, असा प्रश्न कार्यकारिणीच्या बैठकीत कोणी विचारतो का? पुढील पिढीने शिवचरित्र वाचावे, संतवाङ्मय वाचावे, मराठी टिकावी, अशी आपली तळमळ असते. ती तळमळ खरी असेल, तर येत्या जूनमध्ये शाळेचे वेळापत्रक आखले जाईल तेव्हा वाचनाची तासिका कोणत्या वारी आहे आणि ती कोण घेणार आहे, एवढे तरी पालकांनी आणि कार्यकर्त्यांनी अवश्य विचारावे.