ओवीचा आरपीएम

आपल्या कॉलेजात 'कला' हा शब्द दोनदाच कानावर पडतो. एकदा गॅदरिंगच्या आधी आणि एकदा बायोडेटात 'हॉबीज'चा रकाना भरताना. म्हणजे काय, तर काम वेगळं आणि कला वेगळी. सबमिशन्स उरकली, व्हायवा झाली की मग कविता. वेळ उरला तर!

मला हे पटत नाही. आता कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मुलीने मराठी कवितेवर बोलायचं म्हणजे जरा आगाऊपणाच आहे. शाळेत आम्ही डॅफोडिल्सवरची कविता घोकली, डॅफोडिल मात्र आजपर्यंत पाहिलेलं नाही. त्यामुळे मराठी कवितेकडे मी उशिराच वळले. पण एक गोष्ट लगेच लक्षात आली. आपल्याकडचे कितीतरी कवी 'वेळ उरला तर'वाले नव्हतेच. नारायण सुर्वे गिरणीत राबले, शाळेत शिपाई होते आणि 'ऐसा गा मी ब्रह्म' १९६२ साली आलं. अरुण कोलटकरांनी पोटापाण्यासाठी जाहिरातींची कामं केली. बहिणाबाई चौधरींना तर लिहिता-वाचताच येत नव्हतं. शेतात, घरात काम करता करता त्या गाणी रचायच्या. त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, ती जपली आणि १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्यानंतर, १९५२ साली, त्यांचं पुस्तक निघालं.

पण मला खरं बोलायचंय ते जात्याबद्दल. मेकॅनिकलवाल्यांनी नीट वाचावं. खालचा दगड स्थिर, वरचा फिरता, मध्ये खुंटी, कडेला धरायला खुंटा. तोंडात मूठ मूठ वैरण घालायची. जास्त घातली की पीठ जाडं पडतं, कमी घातली की बारीक. समोरासमोर दोघी बसल्या तर दोघींचे हात एकाच लयीत हवेत, नाहीतर जातं अडखळतं. ही लय सांभाळायची कशी? ओवीने. गाणं कामाच्या वर शोभेला ठेवलेलं नव्हतं, ते मशीनचाच एक भाग होतं.

आजीला मी एकदा म्हटलं, "आजी, ओव्या सांग ना, लिहून घेते." तर म्हणाली, "अगं, अशा नुसत्या बसून कशा आठवतील? हात फिरायला पाहिजे." मला वाटलं टाळतेय. मग मावसबहिणीच्या लग्नात हळद दळायला जातं बाहेर काढलं. आजीने खुंटा धरला आणि लागोपाठ अकरा ओव्या म्हटल्या! मी (सवयीने) घड्याळ लावलं : मिनिटाला पस्तीसेक फेरे. आमच्या घरचा मिक्सर १८,००० आरपीएमचा. अर्ध्या मिनिटात चटणी तयार, आणि त्या आवाजात ओवी सोडाच, "गॅस बंद कर" एवढंही ऐकू येत नाही.

आता कोणी म्हणेल, "हेच ते! यंत्राने संस्कृती मारली." थांबा. जे असं म्हणतात त्यांनी पहाटे उठून घरातल्या दहा माणसांचं पीठ रोज दळलेलं नसतं. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा आजीला केवढा आनंद झाला होता, हे तिनेच मला सांगितलंय. गिरणी बसवणाऱ्याचे मी आभारच मानीन. जातं परत आणा असं म्हणणाऱ्यांच्या हातात आधी खुंटा द्यावा.

मग गेलं काय? बोलायची जागा गेली. पहाटेच्या अंधारात जात्याची घरघर चालू असताना बाई तिला जे दिवसा बोलता येत नव्हतं ते बोलायची : सासर, माहेर, भाऊ, पोरीचा जन्म, विठ्ठल. माजलगावच्या बायकांनी बाबासाहेबांवर ओव्या गायल्यात. हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करवल्या. एक लाख! आणि यातल्या बहुतेक जणींनी बायोडेटात 'हॉबी : पोएट्री' असं कधी लिहिलं नसणार. बायोडेटाच नव्हता.

आमच्या आईला मिक्सर मिळाला, मला कॅलक्युलेटर मिळाला, दोघींचेही हात सुटले. त्या सुटलेल्या वेळात आम्ही कानात हेडफोन घालून दुसऱ्याचं गाणं ऐकतो. वाईट नाही, मीही ऐकते. पण आमच्या कामाचं गाणं कुठाय? या मराठी विभागात दरवर्षी पाऊस येतो, चंद्र येतो, 'ती' तर येतेच येते. बॅकलॉग येत नाही, लोकलची गर्दी येत नाही, रात्री दोन वाजता न चालणारा प्रोग्रॅम येत नाही. संपादकांना माझी विनंती आहे की पुढच्या अंकात पावसाच्या दोन कविता कमी घ्याव्यात (कवींनी राग मानू नये) आणि कामातून आलेलं काही मागवावं.

सुरुवात आपल्या वर्कशॉपपासून करता येईल. फिटिंगचे मामा फाइल मारताना सतत काहीतरी गुणगुणत असतात. मी विचारलं, "मामा, कोणतं गाणं?" हसले आणि म्हणाले, "गाणं कसलं पोरी, हात मापात राहतो."