आधी नाडी, मग जात

दिवाळीच्या अंकात विषाची गोष्ट कशाला, असे कोणी विचारील. खुशाल विचारावे. घरोघर पणत्या लागलेल्या असताना आपल्याच शहरात एखादा माणूस केवळ ‘बेवडा’ म्हणून गटाराकाठी पडून राहत असेल, तर तो प्रश्न फराळाच्या ताटापुढेच निघाला पाहिजे.

खारीहून मालवणी काही दूर देशी नाही. भाईंदरला गाडीत बसावे, मालाडला उतरून पश्चिमेची वाट धरावी. २०१५ च्या जूनमध्ये त्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे मेली. त्याआधी २००४ साली विक्रोळीत ऐंशीवर मेली होती. बहुतेक सारी हातावर पोट असलेली. आपण सभ्य माणसे काय म्हणालो? ‘कोणी सांगितले होते प्यायला?’ एवढे बोललो आणि वर्तमानपत्राची घडी घातली.

पण या विषाची चाल तरी समजून घ्या. मेथिल अल्कोहोल पोटात गेले की पहिले काही तास माणूस नुसता झिंगलेला दिसतो. घात पुढे होतो. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल बनते, डोळ्यांपुढे अंधारी येते, श्वास अडखळतो. यावर उतारा आहे. फोमेपिझोल आहे, ते नसल्यास डॉक्टरच्या देखरेखीखाली शुद्ध इथिल अल्कोहोल आहे, डायलिसिस आहे. नसते ती वेळ. ती आपण ‘झोपू द्या, उतरेल’ म्हणत घालविलेली असते! बंगल्यातला पडला की त्याला चक्कर आलेली असते. झोपडीतला पडला की त्याला चढलेली असते. निदान नाडीवरून नव्हे, कपड्यांवरून आणि आडनावावरून होते.

गर्दाचेही तेच. त्याने श्वास मंदावला तर नॅलॉक्सोन हे औषध काही मिनिटांत माणूस माघारी आणते. ते जवळच्या माणसांच्या हाती द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ सालीच सांगितले. अमेरिकेत ते २०२३ पासून चिठ्ठीवाचून विकण्यास परवानगी आहे. तरी त्याच अमेरिकेत २०२० साली अशा मृत्यूंत काळ्यांचे प्रमाण गोऱ्यांच्या वर गेले. विषाला रंग कळत नाही. मदतीला मात्र कळतो!

‘अशाने व्यसनाला उत्तेजन मिळेल,’ असा आक्षेप येतोच. विहिरीत पडलेल्याला दोर टाकल्याने कोणी विहिरीत उड्या घेऊ लागत नाही. उपदेश जरूर करावा. पण ऐकणारा जिवंत हवा.

कायदाही हेच सांगतो. पोलिसी सोपस्कार मागून, जीव वाचविणे आधी. मग तो निरपराध असो वा गुन्हेगार, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच बजावले आहे. २०१४ पासून १०८ ची गाडी फुकट मिळते. मग ती कोणत्या वस्तीत किती मिनिटांत पोचली, याचे आकडे वस्तीवार जाहीर व्हावेत. विषाचे उतारे प्रत्येक सरकारी व पालिकेच्या इस्पितळात असावेत. नॅलॉक्सोन वस्तीतल्या कार्यकर्त्यांना शिकवून द्यावे. आणि गाडी बोलावणाऱ्यामागे चौकशीचा ससेमिरा लावू नये.

सरकार करील तेव्हा करील. आपल्या गल्लीत कोणी पडलेला दिसला, तर तोंड हुंगत बसू नका. हाक मारा, श्वास पाहा, कुशीवर वळवा, १०८ फिरवा. तो कोण, कुठला, काय प्यायला, याचा निवाडा तो उठून बसल्यावरही करता येईल.